नखं वाळेपर्यंत

त्या संध्याकाळी भिंगरी पाळणाघराच्या दारातून बाहेर आली ती दोन्ही हात पुढे धरून, बोटं फाकवून, एकेक पाऊल जपून टाकत. आजोबांनी नेहमीप्रमाणे तिचा हात धरायला आपला हात पुढे केला, तर ती केवढ्याने तरी ओरडली, "हात नको लावू! ओलंय!"

आजोबांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. दहाच्या दहा नखं लालभडक. नखंच कशाला, नखांच्या आजूबाजूची बोटंसुद्धा लाल. आता दुसरे कुणी आजोबा असते तर "अगं बाई, काय छान गं!" म्हणून मोकळे झाले असते आणि आपल्याला ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण या आजोबांची अख्खी नोकरी रंगाच्या कारखान्यात, तपासणी खात्यात गेलेली. पत्र्याच्या तुकड्यांना रंग फासायचा आणि तो किती वेळात वाळतो, कधी फुगतो, कधी सुटतो ते बघत बसायचं, हे त्यांचं काम. त्यांना आधी नात दिसली नाही, काम दिसलं.

"एकच कोट," ते म्हणाले. "तोही जाड. कोणी लावलंय हे?"

"ताईनं."

"ताईला सांग, दोन पातळ कोट द्यायचे असतात. मधे वाळू द्यायचं."

गल्लीत त्यांना 'दोनकोट' म्हणत ते काही उगाच नाही. कुणाच्याही घरी रंगकाम निघालं की आजोबा न बोलावता हजर. भिंतीवर बोट फिरवायचे, एखादा कोपरा नखानं खरवडायचे आणि मान हलवून म्हणायचे, "दुसरा कोट दिलेला नाही." मग घरमालकाची आणि रंगाऱ्याची जुंपायची ती जुंपायची, आजोबा तोवर पुढच्या घरी. निवृत्त झाल्यापासून हा माणूस सलग बसलेला कुणी पाहिला नव्हता. जेवतानासुद्धा मधेच उठून खिडकीची कडी नीट लागली का ते बघून यायचे. आजी म्हणायची, "यांच्या पायाला चाकं लावून पाठवलंय देवानं."

घरात मात्र त्यांच्यावर काही सोपवायची कुणाची छाती नव्हती. गळका नळ दुरुस्त करायला घेतला तेव्हा खालच्या मजल्यावर छत्र्या उघडाव्या लागल्या होत्या. उरलं होतं एकच काम: संध्याकाळी भिंगरीला पाळणाघरातून घरी आणणं. येताना ती दिवसभराचं सगळं सांगायची, निम्मं खरं, निम्मं थापा, आणि आजोबा दोन्हीला सारख्याच गांभीर्यानं मान डोलवायचे. दिवसातला तेवढा वेळ त्यांचा होता. तो गेला असता तर दिवसात काय उरलं असतं, हा विचार ते मनात येऊच देत नसत.

घरी पोचल्यावर सूनबाईंनी भिंगरीचे हात पाहिले आणि पर्स खाली ठेवायच्या आधीच विचारलं, "हे काय?"

"नखं," भिंगरी म्हणाली.

"हिला अंगठा चोखायची सवय आहे, त्या ताईला माहीत नाही? सगळा रंग पोटात जाणार. आणि लावायच्या आधी मला विचारायला नको?"

"नखंच आहेत ती," मुलगा फोनमधून डोकं वर न काढता म्हणाला. "उद्या जातील."

"तू मधे बोलू नकोस."

"पोरीची हौस. आम्ही नाही का लावलं लहानपणी, मेलो थोडेच?" आजी म्हणाली, आणि लगेच पुढे म्हणाली, "विचारायला मात्र हवं होतं हो." आजीला कुठल्याही भांडणात दोन्ही बाजूंना बसायला आवडायचं.

शेवटी सूनबाई आजोबांकडे वळल्या. "बाबा, उद्या जाल तेव्हा ताईला हळूच सांगा. हळूच हं. तिथे जागा मिळवायला आपण किती खेटे घातलेत. नुसतं सांगायचं, वाढवायचं नाही."

"मी कधी काही वाढवतो का?" आजोबा म्हणाले. आजीनं पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी आजोबा हळूच सांगायला निघाले. वाटेत चौकातल्या इमारतीला बाहेरून रंग लागत होता आणि परांचीवर चढलेल्या रंगाऱ्यांना आजोबांच्या मार्गदर्शनाची फार गरज होती, निदान आजोबांना तसं वाटायचं. काम निघाल्यापासून त्यांची तिथे रोजची हजेरी होती. ते खालून हात उंचावून सूचना करायचे, वरून "हो काका, हो काका" यायचं. त्या दिवशीही ते तिथे दोन मिनिटंच थांबले. आजोबांची दोन मिनिटं हा स्वतंत्र विषय आहे, त्यात आत्ता शिरायला नको.

पाळणाघरात पोचले तेव्हा उरलेली मुलं आणि त्यांचे घाईघाईत आलेले आईबाप दाराशी होते. आजोबांनी तपासणी खात्याच्या नजरेनं पाहून घेतलं. कुणाची दोन नखं रंगलेली, कुणाची पाच. एका मुलाची तर हाताची संपून पायाची सुरू झाली होती. हा काय प्रकार आहे? रंगवायची तर सगळी रंगवा. कामात काही पद्धत नको? हळूच सांगण्याचा विचार त्यांच्या डोक्यातून तिथेच गेला आणि ते थेट पाळणाघराच्या बाईंच्या खोलीत शिरले.

बाई शिस्तीच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नखं रंगवण्याबद्दल आमच्या नियमांत काहीच नाही. म्हणजे परवानगीही नाही आणि मनाईही नाही."

"मग?"

"मग तक्रार आली की पालकांची बैठक. बैठकीत ठराव. तुमची तक्रार आहे का?"

इथे आजोबांनी नाही म्हणायचं होतं. तोंड उघडलंही होतं नाही म्हणायलाच. पण ठराव हा शब्द त्यांनी निवृत्त झाल्यापासून ऐकला नव्हता. "आहे," ते म्हणाले. "बैठक घ्याच."

बाईंनी ताईला बोलावलं. ताई म्हणजे कॉलेज नुकतंच संपवलेली, बडबडी, स्वतःच्या नखांना रोज नवा रंग लावणारी मुलगी. तिनं निमूटपणे पिशवीतून लाल बाटली काढून टेबलावर ठेवली. बाईंनी ती आजोबांच्या हातात दिली. "आजपासून इथे रंग बंद. तुम्ही यातले जाणकार. तपासून बैठकीत सांगा." जाणकार! घरी कुणी त्यांना साधं कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगत नव्हतं. आजोबा फुलून गेले. ताईचा उतरलेला चेहरा त्यांना दिसला, पण जाणकार माणसानं भावनेच्या आहारी जायचं नसतं.

बैठकीची बातमी पालकांच्या ग्रुपवर गेली आणि फोनला उसंत मिळेना. मुलांना रंग लावावा का, लावला तर कुठला, मुलींनाच का, मुलग्यांनाही का, यावर लोक ऑफिसची कामं सोडून लिहायला लागले. एका वडिलांनी विचारलं, "आमच्या मुलाला एकदाही लावला नाही. हा भेदभाव का?" एका आईनं तर "असल्या ताईला कामावरून काढाच" म्हणून तोफ डागली. हिच्याच मुलाची पायाची नखं रंगली होती.

"बाबा," सूनबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "मी हळूच म्हणाले होते."

पण बाबा आता तपासणीत होते. पत्र्याचे तुकडे घरात नव्हते, म्हणून त्यांनी स्वतःचीच नखं वापरायला घेतली. डाव्या हाताला एक कोट, उजव्या हाताला दोन. एक बोट गरम पाण्यात, एक दुधात, एक उन्हात. राहिली मुख्य चाचणी, अंगठा चोखण्याची. ती घरात केली तर आजी डोक्यावर घेईल, म्हणून आजोबा गॅलरीत गेले, खुर्चीत बसले, घड्याळ समोर धरलं आणि अंगठा तोंडात घातला. बऱ्याच वर्षांत ते एका जागी इतका वेळ बसले नव्हते.

नेमक्या तेव्हाच शेजारच्या काकू कपडे वाळत घालायला आपल्या गॅलरीत आल्या. त्यांनी लाल नखं पाहिली, अंगठा पाहिला, आणि ओला टॉवेल तसाच खांद्यावर टाकून आजीकडे धावल्या.

"अहो, ह्यांना कधीपासून होतंय हे? माझ्या मामेसासऱ्यांचं अगदी असंच सुरू झालं. आधी अंगठा, मग बाहुली. तुम्ही आत्ताच कुणाला तरी दाखवा."

तळमजल्यावर एक वकील राहत. त्यांच्यापर्यंत हे जिना उतरून पोचलं तेव्हा आजोबा रांगायला लागले होते. वकिलांनी मुलाला बाजूला घेऊन आवाज खाली आणून सल्ला दिला, "कशावर सही घ्यायची राहिली असेल तर उरकून घ्या." मुलगा वर आला आणि त्यानं बापाचा अंगठा निरखून पाहिला.

"ही चाचणी आहे!" आजोबा ओरडले. "लाळेला रंग टिकतो का याची!"

"हो हो," मुलगा म्हणाला, "तुम्ही शांत व्हा आधी."

असा अपमान झाल्यावर रंग काढायला हवा होता. पण नखांचा रंग काढायचं औषध घरात नव्हतं, आणि दुकानात जाऊन मागायची आता त्यांची हिंमत नव्हती. मग त्यांनी टर्पेंटाइन काढलं. टर्पेंटाइननं निघेना तेव्हा पॉलिश पेपर काढला. बराच वेळ घासल्यावर अंगठ्याची पुढची-मागची कातडी निघाली, रंग आपला जागच्या जागी. इतक्या वर्षांत कुठल्याही रंगानं त्यांना असं हरवलं नव्हतं.

हे सगळं झालं ते नेमकं बैठकीच्या दिवशी, आणि त्याच दिवशी त्यांना पेन्शनच्या कचेरीत जाऊन आपण जिवंत आहोत असं सिद्ध करायचं होतं. तिथे यंत्रावर अंगठा ठेवायचा असतो. आजोबांनी ठेवला. यंत्र टूं करून तांबडं झालं. परत ठेवला, परत टूं.

"यंत्राच्या मते तुम्ही तुम्ही नाही," कारकून म्हणाला.

"मग मी कोण आहे?"

"ते सांगायची सोय यात नाही. पलीकडच्या खिडकीवर जा."

पलीकडच्या खिडकीवरच्या बाईंनी आधी अंगठा पाहिला, मग बाकीची नखं पाहिली, मग आजोबांना नीट वरून खालपर्यंत पाहिलं. "अंगठा का उमटत नाही याचा डॉक्टरांचा दाखला आणा," त्या म्हणाल्या, आणि समजूत काढल्यासारख्या आवाजात पुढे म्हणाल्या, "रंग छान आहे हो. मला आवडला."

त्या खिडकीवरून या खिडकीवर करता करता संध्याकाळ झाली. आजोबांचं घड्याळाकडे लक्ष गेलं आणि ते पळत सुटले. चौकात परांचीवरून कुणीतरी हाक मारली, "काका, आज बघणार नाही का?" पण आज थांबायची सोय नव्हती. पाळणाघराचा पुढचा दरवाजा लागलेला होता. टकटक करावी म्हणून ते मागच्या खिडकीशी गेले आणि तिथेच थबकले.

खोलीत छोट्या खुर्च्या टेबलांवर उलट्या करून ठेवल्या होत्या. बाकीची मुलं गेली होती. ताई खांद्याला पिशवी अडकवून जमिनीवर बसली होती आणि तिच्यासमोर भिंगरी. मधे एक वाटी आणि चित्रं रंगवायचा बारका ब्रश. ताईनं ब्रश वाटीत बुडवून भिंगरीच्या करंगळीच्या रंग उडालेल्या नखावर फिरवला. वाटीत साधं पाणी होतं.

"हे वाळलं की कोण येणार?" ताईनं विचारलं.

"आजोबा!" भिंगरी म्हणाली आणि गाल फुगवून फुंकर मारायला लागली. मग तिनं नख डोळ्यांजवळ नेलं. "वाळलं. आजोबा कुठंय?"

"अगं, पाणी ते, पटकन वाळतं. थांब, पुढचं लावू."

"पाण्यानं नाही येत तो," भिंगरी म्हणाली. तिनं वाटी दूर सारली. "लाल लावलं की येतो."

आजोबांना एकदम सगळं कळलं. कुणाची दोन नखं, कुणाची पाच, कुणाची पायाचीसुद्धा का रंगतात ते कळलं. ज्याचं माणूस वेळेवर येतं त्याचं एकही रंगत नाही. आणि भिंगरीची त्या दिवशी दहा रंगली होती, कारण ते चौकात उभं राहून लोकांना कोट शिकवत होते. वाळायला लागणारा वेळ त्यांनी जन्मभर घड्याळ लावून मोजला होता, पण तो काढताना पोरीच्या जिवाचं काय होतं हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की टकटक करायला उचललेला हात वरच राहिला.

भिंगरीनंच त्यांना खिडकीतून पाहिलं आणि ताईनं दार उघडलं. ती धावत येऊन पायाला बिलगली. "उशीर झाला," आजोबा ताईला म्हणाले.

"रोजच होतो," ताई म्हणाली. तिनं ते टोमणा म्हणून नाही, रोजची गोष्ट म्हणून सांगितलं.

"मग बोलली का नाहीस?"

"पालकांना उशिराबद्दल बोलायचं नाही, त्यांना राग येतो, असं बाईंनी बजावलंय. एक रडायला लागलं की सगळी रडतात हो. एकदा मी माझीच नखं रंगवत बसले होते, तर सगळी गप्प होऊन बघायला लागली. तेव्हापासून चाललंय हे. भिंगरी आधी नुसती बघायची, त्या दिवशी मात्र तिनंही हात पुढे केले." तिनं वाटीतलं पाणी मोरीत ओतलं. "आयांना विचारायला हवं होतं, ते चुकलंच माझं. आज बहुतेक काढतीलच मला."

बैठक थोड्याच वेळानं त्याच खोलीत, त्याच छोट्या खुर्च्या सुलट्या करून भरली. मोठमोठी माणसं गुडघे हनुवटीला टेकवून बसली होती. अशा अवस्थेत कुणाला रुबाब दाखवता येत नाही, तरी सगळे प्रयत्न करत होते. तोफ डागणाऱ्या आईनं उभं राहून ठराव मांडला, ताईला कामावरून काढावं. दोनतीन हात वर झाले. बाई म्हणाल्या, "आधी जाणकारांचा अहवाल ऐकू."

आजोबा उठले. समोरच सूनबाई बसल्या होत्या, मांडीवर भिंगरी. खरं सांगितलं तर संध्याकाळचं काम आपल्या हातून जाणार हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. घरात याआधी नळ, मिक्सर, किल्ल्या असं सगळं एकेक करून गेलंच होतं. न सांगता बसले असते तर ताई गेली असती आणि त्यांना कुणी काही विचारलं नसतं. त्यांनी खिशातून हात बाहेर काढले. ती लाल, खरवडलेली, सालं निघालेली बोटं पाहून पहिली रांग थोडी मागे सरकली.

"रंग सुमार आहे," ते म्हणाले. "दुधात टिकतो, पण अंगठा चोखला की कडेकडेनं सुटून तोंडात येतो. मी स्वतः चोखून पाहिलाय."

शेजारच्या काकू तिथे नव्हत्या हे एक बरं झालं.

"तेव्हा आईला विचारल्याशिवाय पोरांना लावू नये, यात माझी सून बरोबर आहे. पण तो का लावला तेही ऐका. आपण येईपर्यंत पोरांनी रडू नये म्हणून ही एकेक नख रंगवते. जितका उशीर, तितकी नखं. आता प्रत्येकानं आपापल्या पोराची नखं आठवा, म्हणजे कुणाला काढायचं ते ठरवता येईल."

तोफवाल्या आईनं मुलाच्या उघड्या पायांकडे पाहिलं आणि त्याला घाईघाईत बूट चढवायला घेतले. भेदभाववाले वडील तेवढे खुर्चीत ताठ झाले आणि सगळ्यांकडे बघून हसले, पण त्यांना कुणी दाद दिली नाही.

"बाबा," सूनबाई हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही रोज उशिरा जाता?"

"चौकातल्या इमारतीला रंग..."

"पोरगी वाट बघते आणि तुम्ही भिंती बघता?"

"हो," आजोबा म्हणाले.

ताईला काढायचं नाही असं ठरलं. ज्या आईची हरकत नसेल तिच्याच मुलाला रंग, तोही अंगठा सोडून, असा ठराव झाला. सूनबाईंनी ताईला दारात गाठून सांगितलं, "एक नख चालेल मला. पण विचारत जा गं." ताईनं मान हलवली आणि डोळे पुसले.

घराच्या जिन्यात पोचल्यावर मात्र सूनबाई म्हणाल्या, "उद्यापासून भिंगरीला आणायची मी दुसरी काहीतरी सोय करते." आजोबांनी मान खाली घातली. आजी चक्क गप्प राहिली, कारण या भांडणाला तिला दुसरी बाजूच सापडेना.

"म्हणजे आजोबा येणारच नाही?" भिंगरीनं विचारलं.

"नाही."

भिंगरीनं आपले दोन्ही हात समोर धरले, मग पायांकडे पाहिलं. तिनं बराच हिशेब केला असावा. "आई," ती रडवेली होऊन म्हणाली, "एवढी नखं नाहीत गं माझ्याकडे."

सूनबाई किल्ली कुलपाला लावून तशाच उभ्या राहिल्या. मग कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "एकदा, बाबा. एकदा जरी उशीर झाला ना..."

"नाही होणार," आजोबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारचा चहा न घेताच ते निघाले. वाटेत दुकानात जाऊन, दुकानदार काय म्हणेल याची पर्वा न करता, त्यांनी चांगल्यातली चांगली लाल बाटली घेतली, कारण ताईची बाटली तपासणीतच संपली होती. चौकात परांचीवरून आवाज आला, "काका, दुसरा कोट देतोय, बघून जा की!" दुसरा कोट! आजोबांचं पाऊल अडखळलं. त्यांनी नजर बुटांवर ठेवली आणि चौक पार केला.

पाळणाघर सुटायच्या आधीच ते दारात उभे होते. दार उघडलं. भिंगरी बाहेर आली, तिनं आजोबांना पाहिलं आणि तिचं तोंड पार उतरलं.

"तू आत्ता का आलास?"

"तुला न्यायला."

"पण माझं नख कुठं लागलंय अजून! आईनं एक सांगितलंय ना? जा तू. परत जा. उशिरा ये!"

ताई तोंडावर हात धरून हसत होती. आजोबांनी खिशातली बाटली काढून तिच्या हातात दिली. "पातळ लाव," ते पुटपुटले, "म्हणजे लवकर वाळेल."

"दोन कोट," भिंगरीनं बजावलं. "मधे वाळू द्यायचं."

आजोबा बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले. उठले. परत बसले. चौकाच्या दिशेनं रंगाऱ्यांची हाळी ऐकू येत होती. दुसरा कोट कोपऱ्यांतून नीट बसतोय की नाही कोण जाणे, त्यांच्या पायाला नुसत्या मुंग्या आल्या होत्या. त्यांनी पायरीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

आतून फुंकर मारल्याचा आवाज आला, आणि मग हाक आली, "आजोबा, आहेस ना?"

"आहे," ते म्हणाले. "सावकाश वाळू दे."